गाडीची पडवी

“गाडीला नको बांधू रं,” अण्णा म्हणाले. “झाडाला बांध, धोंड्याला बांध, पर दुसरं टोक गाडीला नको. गाडी म्हंजे खांब न्हवं. ती हलती.”

“कुठं हलणार आहे? उद्या सकाळपर्यंत मुक्काम आहे त्यांचा,” मी म्हणालो. “तुम्ही जरा गप बसा बघू.”

बापाशी असंच बोलायचो मी त्या दिवसांत. सव्वीस वर्षांचा घोडा झालो होतो आणि त्यातली चौदा वर्षं बांबू वाहण्यात घालवली होती. वाईतलं ‘पिसाळ मंडप’ म्हणजे आम्ही. आजोबांनी काढलेलं, अण्णांनी वाढवलेलं आणि आता माझ्या खांद्यावर आपोआप येऊन बसणारं. लग्नाला सगळ्यांच्या आधी आम्ही जायचो आणि सगळ्यांच्या नंतर निघायचो. सख्ख्या मामेबहिणीच्या लग्नात मी अक्षता टाकल्या नाहीत, कारण तेव्हा शिडीवर चढून झालर बांधत होतो. वैशाख जवळ आला की लोकांना आंबे आठवतात, मला बांबूची कुसळं आठवायची. घुसमट घुसमट म्हणतात ती काय, ते मला कुणी सांगायला नको.

त्यातून बाहेर पडायची एकच वाट मला सापडली होती आणि ती त्या दिवशी धोम धरणाच्या काठावर, एका जीपच्या टपाला लटकत होती.

दुकानातल्या शिलाई मशीनवर मी गाडीला लावायचं ऑनिंग शिवलं होतं. टपावरच्या कॅरियरला डाव्या अंगाला एक लांब पिशवी बोल्टांनी पक्की करायची. चेन उघडली की कापड उलगडतं, आतून दोन आडवे हात बाहेर येतात, त्यांना दोन पाय लावायचे, की गाडीच्या शेजारी सात फूट सावली तयार. अण्णांनी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, “हात्तिच्या! ही तर गाडीची पडवी!” आणि पोट धरून हसले. नंतर मात्र पंधरा मिनिटं शिवण चाचपत बसले होते. “टाका बरा हाय,” एवढंच म्हणाले. अण्णांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ होतं.

गिऱ्हाईक होतं पुण्याचे धवलीकर. जीप घेऊन रानोमाळ भटकणाऱ्यांचा त्यांचा एक गट होता, अठरा गाड्यांचा. परदेशी ऑनिंग त्यांनी एकदा घेतलं होतं, ते माळावरच्या पहिल्याच वाऱ्यात चिंधीसारखं फाटलं. कुणीतरी माझं नाव सांगितलं. ते म्हणाले, “एक बनवून द्या. आम्ही दोघं एक दिवस-रात्र त्याच्याखाली काढतो. टिकलं, तर अठराही गाड्यांचं काम तुम्हाला.”

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते विडी विझवून म्हणाले, “हे काम मिळालं तर तू मोकळा. मंडप मी तुझ्या चुलतभावाला दीन. न्हाई मिळालं, तर अक्षय्यतृतीयेपासनं सगळा सीझन तू बघायचा आणि पुन्हा हे शिवणकाम तोंडातनं काढायचं न्हाई. कबूल?”

“कबूल.”

“मग मी येतो संगं. दुसरा हात लागंल की धराय.”

नको म्हणायची सोय नव्हती.

तर फेब्रुवारीतली ती सकाळ. धवलीकर उंच, गोरे, टोपीखाली घामेजलेले. त्यांच्या पत्नी केतकीताई हसऱ्या, सारख्या “काका, तुम्ही बसा ना” म्हणत अण्णांच्या मागं लागलेल्या. जागा धवलीकरांनीच निवडली. पाण्यापासून पन्नास पावलांवर, एका मोठ्या उंबराकडे तोंड करून गाडी उभी केली. ऑनिंग कसं बनवलंय हे जाणून घ्यायचा धवलीकरांना फार उत्साह. मला एकेक विचारत होते.

“डावीकडेच का लावलं?”

“रस्त्याच्या कडेला थांबलात तर वाहनं उजवीकडनं जाणार. सावली आपली सुरक्षित बाजूला.”

“कापड जाड का नाही घेतलं आणखी?”

“टपावर वजन किती चढवणार? कॅरियरला झेपलं पाहिजे. आणि जाड कापड ओलं झालं की दोन दिवस वाळत नाही, कुजतं.”

“आणि हा उतार?”

“पाणी साचायला नको. बाहेरची बाजू एक वीतभर खाली ठेवायची.”

“मानलं,” ते म्हणाले, आणि माझ्या छातीत काहीतरी फुललं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला ‘मंडपवाल्याचा पोरगा’ सोडून दुसरं काही समजत होतं.

दोघं नवराबायको फोटो काढायला पाण्याकडे गेले आणि इकडे वारा सुटला. धरणावरून येणारा, कापड खालून उचलणारा. खुंट्या ठोकायला गेलो तर वीतभर मुरुमाखाली काळा कातळ. खुंटी वाकायची, आत जायची नाही. अण्णा म्हणाले, चार मोठे धोंडे आणू, त्यांना बांधू. मंडपाला आम्ही कातळावर तेच करतो. पण मला लाज वाटली. पुण्याची माणसं, एवढी देखणी गाडी आणि तिच्या पुढं-मागं धोंडे मांडायचे? आमचं ऑनिंग म्हणजे काय गुराचा गोठा? मी आमच्या पिशवीतला काथ्याचा दोर काढला, पाण्यात भिजवला, एक टोक उंबराला बांधलं, दोर पुढच्या पायाच्या डोक्यावरून घेतला, आणि दुसरं टोक थेट गाडीच्या कॅरियरला, काचेच्या वरच्या नळीला आवळलं. कापडावर ताण नाही, दिसायला सुबक. तेव्हाच अण्णा ते गाडीला नको बांधू म्हणाले होते आणि मी त्यांना गप बसवलं होतं.

गाठ मी मंडपाचीच मारली. मला दुसरी येतच नव्हती. तीन वेढे, वर दोन फास आणि टोक आत खोचायचं. ओला काथ्या वाळला की ती गाठ अशी आवळते की वादळातसुद्धा हलत नाही. फरक एवढाच की मी डावखुरा. माझे वेढे उलटे पडतात, टोक डाव्या बाजूला खोचलं जातं. लहानपणी अण्णांनी त्यापायी माझ्या हातावर छडी मारली होती, मग कंटाळून सोडून दिलं.

धवलीकर परत आले, दोर हलवून बघितला. “वा! आता हत्ती आला तरी पडायचं नाही.” मी नुसता हसलो. अण्णा तोंड फिरवून विडी शोधत होते.

दुपारी बारा-साडेबाराला धवलीकरांना हुक्की आली. गॅसची शेगडी असताना त्यांना चुलीवरचं पिठलं हवं झालं. मी नको म्हणालो नाही. गिऱ्हाइकाला कोण नको म्हणतं? काटक्या अर्ध्या ओल्या होत्या. जाळ होईना, धूर मात्र मण मण. वाऱ्यानं तो सगळा उचलून उंबरात नेला.

“काय वास येतोय बघ गावाकडचा!” धवलीकर म्हणाले.

अण्णा वर बघत होते. एकाएकी उठले. “चूल विझवा. पाणी वता. बेगीनं!”

“का हो काका?”

“वर आग्या हाय.”

मीही वर बघितलं. उंबराच्या उंच फांदीला, पानांच्या आड, परातीएवढं काळं पोळं लोंबत होतं आणि ते थरथरत होतं. मंडप बांधणारी माणसं आम्ही, जागेवर गेलो की नजर जमिनीवर. खड्डा कुठं, कातळ कुठं, खांब कुठं. सकाळपासून दोघांपैकी एकानंही मान वर केली नव्हती.

केतकीताईंनी पातेल्यातलं पाणी ओतलं. फस्सकन आणखी मोठा धूर उठला आणि संपलंच. डोक्यावर आवाज सुरू झाला, एकाच जागी फिरणाऱ्या गिरणीसारखा. “गाडीत! गाडीत चला!” अण्णा ओरडले. धवलीकर पुढं, मी त्यांच्या शेजारी, अण्णांनी केतकीताईंना मागं ढकललं आणि स्वतः शिरून दार ओढलं. काचा वर केल्या. आत सात-आठ माश्या आल्याच होत्या, त्या अण्णांनी टोपीनं चेचल्या. बाहेर काचा काळ्या पडत चालल्या. टप टप टप असा आवाज, जणू कुणी मूठमूठ हरभरे फेकतंय.

मला दंडावर दोन चावल्या होत्या, धवलीकरांना कानामागं. केतकीताईंना मात्र मानेवर आणि ओठावर मिळून पाच-सहा. सुरुवातीला त्या हसत होत्या. “मेले मी, चेहरा कसा दिसणार आता!” मग हसणं थांबलं.

“निशिकांत, माझा घसा आवळतोय.”

धवलीकरांनी मागं वळून बघितलं. ओठ दुप्पट झाले होते, डोळ्याखाली लाल चट्टे उठले होते. श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता.

“वाईला दवाखाना, अर्धा-पाऊण तास,” मी म्हणालो. “निघा साहेब.”

पुढं उंबर, डावीकडं उताराला पाणी. गाडी मागंच घ्यायला हवी होती. त्यांनी मागचा गिअर टाकला, गाडी हातभर सरकली आणि कचकन थांबली. टपावर कॅरियर करकरला. पुन्हा जोर दिला. चाकं मुरुमात गरागरा फिरली, दोर तारेसारखा ताणला, कॅरियरचा पुढचा भाग वाकून काचेवर आला आणि काचेच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर गेली.

“थांबा!” अण्णा मागून ओरडले. “कॅरियर उपटला तर काच फुटंल. मग माश्या आत. बाईमाणसाला तिथंच संपवतील.”

धवलीकरांनी ब्रेक दाबला. आत भट्टी झाली होती. एसी लावला तर जाळीतून माश्या आत येतील या भीतीनं कुणी लावेना. घामाचा, धुराचा वास आणि केतकीताईंची ती शिट्टी. चार माणसं त्या पेटीत बंद, आणि पेटीला कुलूप म्हणजे माझी गाठ. कोयता चुलीपाशी पडला होता. काचेतून दिसत होता, पण चुलीभोवती माश्यांचा नुसता गोळा घोंघावत होता.

“गाडीला कुणी बांधलं?” धवलीकर किंचाळले. “कुणी बांधला तो दोर गाडीला? अक्कल आहे का?”

माझं तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ सांगतो. पण त्या उघड्या तोंडातून आवाज यायच्या आत मला अठरा गाड्या दिसल्या, आणि अक्षय्यतृतीया दिसली, आणि शिडी, आणि बांबू. एवढं सगळं दिसायला कितीसा वेळ लागतो?

“म्या बांधला,” अण्णा म्हणाले. “मंडपाची सवय, साहेब. चुकलं माझं. म्या बांधला, मीच सोडतो.”

मी मागं वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सीटवरची चादर ओढून अंगाभोवती घेतली, टॉवेल तोंडाला गुंडाळला, डोळ्यांपुरती फट ठेवली. हात मात्र उघडेच. गाठ सोडायला बोटं लागतात.

“अण्णा, मी जातो,” मी म्हणालो. खरंच म्हणालो. पण ज्या आवाजात म्हणालो तो मला अजून आठवतो. इतका हळू की मागच्या सीटवर पोचलासुद्धा नसेल.

दार उघडलं, मिटलं. दुसऱ्या क्षणाला अण्णा समोर होते. बॉनेटवर गुडघा टेकवून, हात वर करून, माझ्या डोळ्यांपासून दीड हातावर. मध्ये फक्त काच. कॅरियरच्या नळीखाली ती गाठ काचेवर लोंबत होती आणि तिच्यावर अण्णांची बोटं. बघता बघता ती बोटं काळी झाली. मनगटं काळी झाली. चादरीवर माश्यांचा थर बसला.

चाळीस वर्षांच्या सवयीनं अण्णांनी उजवीकडचं टोक ओढलं.

मला माहीत होतं, टोक डावीकडं आहे. माझ्या हातानं खोचलं होतं. काचेवर बोट ठेवलं असतं, नुसतं त्या टोकाकडं दाखवलं असतं, तरी पुरलं असतं. पण शेजारी धवलीकर बसले होते आणि माझ्याकडं बघत होते. ज्यानं गाठ मारली नाही त्याला टोक कुठं आहे ते कसं ठाऊक?

मी मांडीवरचे हात मांडीवर ठेवले.

अण्णा पुन्हा उजवीकडं ओढत होते. गाठ आणखी आवळत होती. एकदा त्यांनी हात झटकला, तेव्हा नखाखालून रक्त आलेलं दिसलं. मग ते क्षणभर थांबले, गाठीकडे नीट बघितलं, आणि त्यांना उमगलं असावं. डावीकडचं टोक नखानं उचकटलं, दातांत धरायला टॉवेल खाली ओढला, आणि ओढलं. पंधरा सेकंद गेले असतील, फार तर वीस. तेवढ्या वेळात माणसाला किती नांग्या लागतात ते मला संध्याकाळी नर्सनं चिमट्यानं काढून ताटलीत ठेवल्यावर कळलं.

दोर सुटला. अण्णांनी बॉनेटवर थाप मारली, मागच्या दाराशी धडपडत आले, आत पडले. “चला,” म्हणाले, आणि अंगावरच्या माश्या चादरीत गुंडाळून तिच्यावर स्वतःच बसले, केतकीताईंपर्यंत जाऊ नयेत म्हणून. गाडी मागं आली, ऑनिंगचे पाय कडाकडा मोडले, आम्ही रस्त्याला लागलो.

केतकीताई वाचल्या. इंजेक्शन दिल्यावर तासाभरात श्वास मोकळा झाला, चार वाजता चहासुद्धा प्यायल्या. अण्णांचा चेहरा मात्र ओळखू येत नव्हता. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा, हात कोपरापर्यंत भोपळ्यासारखे. वेदना कमी व्हायचं औषध दिलं होतं, ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. मला वाटलं, झोप लागली.

पाच वाजता धवलीकर आले. त्यांनी गाडी बाहेर नीट बघितली होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जालिंदर, खरं सांगू? पाय मोडले, कॅरियर वाकला, पण कापडाचा एक टाका उसवला नाही. असं काम मी बघितलेलं नाही. अठराच्या अठरा गाड्या तुमच्याकडे.”

मी हात जोडले.

“फक्त एक,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “राग मानू नका. म्हातारबाबांनी हिंमत दाखवली, नाही म्हणत नाही. पण मुळात चूक त्यांचीच. आज केतकी गेली असती. जुन्या लोकांच्या हाताला वळण असतं, ते बदलत नाही. आमच्या गाड्यांच्या कामाला त्यांना आणू नका.”

खाटेवर अण्णा श्वास घेत होते. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

“नाही आणणार,” मी म्हणालो.

धवलीकर गेले. मी रात्रभर खाटेपाशी बसलो. सकाळी अण्णांनी विचारलं, “मिळालं काम?” मी म्हणालो, “मिळालं.” ते म्हणाले, “ब्येस झालं.” पंधरा दिवसांत सूज उतरली. दोन बोटं मात्र पुन्हा नीट वाकली नाहीत. ठरल्याप्रमाणं त्यांनी मंडप चुलतभावाच्या हवाली केला, बांबूंसकट, शिडीसकट. दिलेला शब्द अण्णांनी पुरता पाळला.

पाडव्याला मी हायवेवर पत्र्याची शेड घेतली. दोन नव्या मशिनी, दारात पाटी, गणपतीची तसबीर. आई नवं लुगडं नेसून तयार होती, पेढ्यांचा पुडा हातात. अण्णा ओट्यावर बसून विडी ओढत होते. अंगात रोजचाच बनियन.

“अण्णा, चला की. नारळ तुमच्या हातानं फोडायचाय.”

“मी न्हाई येत.”

“का? बरं नाही का?”

“बरं हाय की.”

“मग?”

त्यांनी विडीची राख झाडली. रागानं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते रागावले नव्हते. एखाद्या पोराला साधी गोष्ट समजावून सांगावी तसं म्हणाले, “धवलीकरांना तू काय म्हनला होतास? न्हाई आननार म्हनलास न्हवं? त्यांच्या गाड्या आजपासनंच लागनार तिथं. डोळं सुजलं हुतं माझं, जालू. कान न्हाई.”

आई पुडा हातात घेऊन एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

“अण्णा, मी त्यांना सांगतो. आजच सांगतो, दोर मी बांधला होता म्हणून.”

“काय गरज न्हाई. गिऱ्हाइकाला शब्द दिलायस, तो पाळ. धंदा करायचा तर एवढं पायजेच.” मग आईला म्हणाले, “जा गं तू. नारळ त्यालाच फोडू दे.”

मी गेलो. नारळ मीच फोडला. अण्णा त्यानंतर नऊ वर्षं होते. त्या शेडवरून त्यांची एसटी कितीदा तरी गेली असेल, पण ते उतरले कधी नाहीत. धवलीकर मात्र दर दोन-चार महिन्यांनी यायचे, नवी गिऱ्हाइकं घेऊन. धोमच्या माश्यांची गोष्ट त्यांना रंगवून सांगायचे, गाडीला दोर बांधणाऱ्या म्हाताऱ्यासकट. लोक हसायचे. दर वेळी मला वाटायचं, आज सांगून टाकू. दर वेळी मी चहा मागवला.